पाठीमागचा मजकूर

आमच्या दिवाणखान्यात एक जुना नकाशा टांगला आहे. ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याच्या छापखान्यातला, सतराव्या शतकातला. नाव ‘मॅग्नी मोगोलिस इम्पेरियम’, म्हणजे मोगल बादशहाचं राज्य. किंमत घरात अजून सांगितलेली नाही.

पाहुणे आधी हत्ती आणि उंट बघतात. मी मात्र कुठलाही खानदेशी माणूस करेल तेच केलं, गाव शोधलं. रावेर नाही, जळगाव तर नाहीच. पण बऱ्हाणपूर सापडलं आणि उगाचच ऊर भरून आला. आता ते तिथे आहे त्याचं कारण अगदी साधं. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली सुरतेहून जहांगिराच्या दरबाराकडे अजमेरला निघाला, तो बऱ्हाणपूरवरून गेला. पुढे त्याच्याच माहितीवरून विल्यम बॅफिन या दर्यावर्दीने १६१९ मध्ये नकाशा केला आणि ब्लाऊंनी तो उचलला. (तेव्हा सगळेच उचलत.) आग्रा ते लाहोर झाडांची दुहेरी रांगही तिथूनच आली. गावं जरा इकडेतिकडे सरकलीत, पण झाडं मात्र कोरणाऱ्याने निगुतीने काढलीत. तीही तांब्याच्या पत्र्यावर, उलटी, कारण छापताना डावं-उजवं बदलतं.

रंग हाताने भरलेले. हिरवा करायचे तांब्यावर चढणाऱ्या जंगालापासून, आणि तो सावकाश कागदच खात जातो. माझ्या नकाशातली हिरवी सीमा आता तपकिरी झालीय, आणि पान उलटलं तर तीच सीमा मागेही उमटलेली दिसते.

मागे फ्रेंच मजकूर आहे. पानाच्या मधोमध घडी आहे. या दोन खुणा बघून आधी हरखलो होतो, नकाशा अस्सल आहे म्हणून. मग लक्षात आलं की त्यांचा दुसरा अर्थ एवढाच, हे पान कुणीतरी जाडजूड ग्रंथातून सोडवून घेतलंय. अख्खा ग्रंथ विकण्यापेक्षा सुटी पानं विकली तर जास्त पैसे सुटतात, हा या धंद्यातला जुना हिशेब. कापणारा मी नव्हे. गिऱ्हाईक मात्र मीच.

फ्रेमवाल्याला दोन्ही बाजूंनी काच लावायला सांगितली. “मागचं कोण बघणार साहेब?” तो म्हणाला.

अधूनमधून मी फ्रेम फिरवून टांगतो. मग पाहुणे विचारतात, हत्ती कुठे गेले?