आमची वाटचाल : सायकल विकायची, तर शिकवायचीही

आमचं सगळ्यात जुनं पावतीपुस्तक अजून गल्ल्याखालच्या कप्प्यात आहे. त्यातली शाई उडाली आहे, तारखा लागत नाहीत. पण दुकानाच्या पत्त्यात सांगलीपुढे ‘जि. दक्षिण सातारा’ असं छापलेलं स्पष्ट दिसतं. आमच्या जिल्ह्याचं हे नाव १९४९ ते १९६० एवढंच होतं. आजोबांचं दुकान त्याच वर्षांतलं.

आजोबा मूळचे कुंडलकडचे. दुकानाआधी ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लेथवर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट त्यांनी तिथेच ऐकली आणि आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितली की ती आमच्या घरचीच वाटायची. लक्ष्मणराव म्हटलं की लोकांना लोखंडी नांगर आठवतो. आजोबा मात्र बेळगावपासून सुरुवात करायचे. १८८८ साली तिथे सायकलचं छोटं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईत सायकली घेऊन पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. पण दोन चाकांवर माणूस तोल कसा सांभाळतो हे ज्यांनी पाहिलेलंच नाही, ते सायकल घेतील कशाला? म्हणून चालवायलाही शिकवायचं. शिकवणीचे १५ रुपये, असं आजोबा सांगत.

पुढे मुंबईत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलीनंतर कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं या भीतीनं शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर कर्जही दिलं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला यात सायकलीचा वाटा मोठा वाटतो. ज्यानं सायकल पार सुटी करून पुन्हा जोडली आहे, त्याला कुठल्याच यंत्राची भीती उरत नाही.

आजोबांनी चार सायकलींवर दुकान टाकलं, त्याही तासाच्या भाड्यानं द्यायच्या. सांगली सपाट, म्हणून धंदा चालला. साताऱ्याचा चढ असता तर चालला नसता. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ मध्येच झालेला, त्यामुळे सांगलवाडीचे दूधवाले पहाटे पूल ओलांडून गावात यायचे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या. तो सगळा भार मागच्या चाकावर. म्हणूनच साध्या काळ्या सायकलीला पुढे ३२ तारा असतात आणि मागे ४०. तरी चाक आऊट व्हायचंच, म्हणजे रिम वाकडी होऊन डुगडुगायची.

आऊट काढणं हे आजोबांचं खरं काम. चाक चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) फिरवायचं, रिमशेजारी खडू धरायचा. जिथे रिम बाहेर आली असेल तिथे खडू लागतो. मग त्या जागेच्या एका बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, समोरच्या बाजूच्या तेवढ्याच सैल करायच्या. घाई केली की रिमचं अंडं होतं. ते शेवटी बोटानं तारा छेडत जायचे. सगळ्यांचा आवाज सारखा आला तरच चाक गिऱ्हाइकाला. मी हे बारा वर्षांचा असताना शिकलो, आणि अजूनही आधी कानावरच विश्वास ठेवतो.

वडिलांच्या काळात मोपेड आल्या, भाड्याच्या सायकली बंद झाल्या. त्यातच एका घाऊक व्यापाऱ्यानं जुन्या साठ्यातल्या, सांध्यावर सुटणाऱ्या ट्यूब आमच्या गळ्यात मारल्या. वडिलांनी गिऱ्हाइकांना त्या सगळ्या पदरचे पैसे घालून बदलून दिल्या. ते वर्ष आईच्या बांगड्यांवर निघालं. ही गोष्ट त्यांनी मला त्या सोडवून आणल्यावरच सांगितली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात आलं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर चाकाच्या हबमध्ये, पायडलच्या आसाच्या बॉटममध्ये, मागच्या फ्रीव्हीलमध्ये गाळ. टायर पुसून वापरता येतो, पण छर्र्यांत गाळ गेला की ते ज्यावर फिरतात तो कोन खराब होतो. आम्ही दोघा भावांनी एकेक सायकल खोलली, डिझेलमध्ये भाग धुतले, नवं ग्रीस भरलं. आधी गिऱ्हाइकांच्या, मग आमच्या. त्या आठवड्यात कुणाकडून मजुरी घेतली नाही. त्यांच्या घरातही तोच गाळ होता.

पुरानंतर एक ताई आल्या, वय पंचावन्नच्या आसपास. मुलाची सायकल पुरातून वाचली होती, ती विकायची होती. बोलता बोलता म्हणाल्या, “मला कधी कुणी शिकवलीच नाही हो.” मी सायकल विकत घेतली नाही. सीट खाली उतरवली, पायडल काढून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमराईजवळ बोलावलं. पायडल नसले की माणूस दोन्ही पायांनी जमीन ढकलत जातो आणि तोल आपोआप सापडतो. चौथ्या दिवशी पायडल परत बसवले.

आता रविवारी पहाटे पाच-सहा जणी असतात. त्यातल्या तिघींनी नवी सायकल आमच्याकडूनच घेतली. शिकवणीचे पैसे आम्ही घेत नाही. सायकल घरी नेण्याआधी मात्र प्रत्येकीला पंक्चर काढायला बसवतो, आणि चाक फिरवून तारांचा आवाज ऐकायला सांगतो.