तुम्ही विचारलंत म्हणून: सुई का टोचून घेतली?

"बाळाला धोका असतो हे माहीत असताना तुम्ही अ‍ॅम्निओ का केलीत?" पस्तिशीनंतर दिवस गेलेली कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मैत्रीण मला हे विचारतेच. अ‍ॅम्निओ म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासणं.

२०१८ ची गोष्ट. मी छत्तीस वर्षांची, पहिलीच खेप. तेराव्या आठवड्यात डबल मार्करचा, म्हणजे बाळात दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. डाउन सिंड्रोमची, म्हणजे बाळात एक गुणसूत्र जास्त असण्याची शक्यता १:१४०. लॅबची सीमारेषा १:२५०, त्यामुळे शेजारी ठळक अक्षरात 'हाय रिस्क'. नवरा म्हणाला, "अगं, म्हणजे एकशे एकोणचाळीस जणींचं सगळं ठीक असतं." गणित बरोबरच होतं. मला मात्र रात्रभर ती एकशे चाळिसावी दिसत राहिली.

आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी एनआयपीटी होती. बाळाला काही धोका नाही, पण तीही चाळणीच, पक्कं निदान नाही. पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी सुई आहेच. शिवाय तेव्हा कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे. एनआयपीटीचे दहा-बारा दिवस, मग सुई, मग पेशी वाढवून गुणसूत्रं बघायला दोन-तीन आठवडे. कॅलेंडरवर बोट फिरवलं तर हातात काही उरत नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग आढळलं तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोविसाव्या आठवड्यानंतरही मार्ग आहे. आजची गोष्ट असती तर मी आधी एनआयपीटीच केली असती.

सुईने गर्भपात होण्याचा धोका जुनी पुस्तकं दोनशेत एक सांगत. सरावलेल्या हाताखाली तो बराच कमी, असं डॉक्टर म्हणाल्या. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार? सात वर्षं उपचार घेऊन दिवस गेलेल्या माझ्या मावसबहिणीने माझ्याहून वाईट रिपोर्ट हातात असताना सुई नाकारली. तिच्या जागी मीही नाकारली असती.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. "ती पाण्याची टेस्ट? ती तर बंद केली ना सरकारने?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. ऐंशीच्या दशकात मुंबईत हीच तपासणी मुलगी आहे का ते बघायला सर्रास वापरली जायची. त्यावर १९८८ साली महाराष्ट्राने आणि १९९४ साली देशाने कायदा केला. म्हणून तर मला संमतीपत्रावर लिंग सांगितलं जाणार नाही या अटीखाली सही करावी लागली. हे सगळं त्यांना पटलं. तरी शेजारच्या काकूंना त्यांनी "सोनोग्राफीला गेलीय" एवढंच सांगितलं.

रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं ते आधी ठरवा, असं सगळे सांगतात. मला नाही ठरवता आलं. तसंच टेबलावर झोपले.

पोटावर गार बेटाडीन, स्क्रीनवर बाळ एका कोपऱ्यात, आणि सुईची पांढरी रेघ दुसऱ्या कोपऱ्यातून आत. पहिले दोन मिली टाकून दिले, त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात म्हणून. मग वीस मिली, फिकट पिवळं पाणी. दोन मिनिटांत झालं. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून ठोके दाखवले आणि टोचल्या जागी छोटी पट्टी लावली.

चौथ्या दिवशी, पेशी न वाढवता केलेल्या घाईच्या रिपोर्टचा फोन आला. नॉर्मल. त्यानंतरही आठवडाभर बाथरूमला गेले की मी आधी दिवा लावून डाग आहे का ते बघत होते.