रेक्याविकचे ऊन पाणी
आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, नळ सोडताच गरम पाण्याबरोबर आलेल्या गंधकाच्या वासाने मला थेट दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या कुंडाची आठवण करून दिली. आइसलँडमधील सुमारे ९० टक्के घरे भूगर्भातील उष्णतेवर उबदार राहतात, आणि ती तापवून परतणारे सुमारे ३५ अंशांचे पाणी पदपथांखालच्या नळ्यांतून खेळवून बर्फ वितळवले जाते. उष्णतेची ही काटकसर मला फार मोलाची वाटते. मात्र उपसा बेसुमार झाला, तर भूगर्भातील दाबही घटतो. म्हणून हेलिसहेडी या भूगर्भातील उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्रात वापरलेले पाणी पुन्हा खोल खडकात सोडतात. त्यामुळे २०११ मध्ये तेथे भूकंपाचे धक्केही बसले, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. तेथेच पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, आपल्या सह्याद्रीसारख्याच बसाल्ट या काळ्या खडकात सोडल्यावर, दोन वर्षांच्या आत बहुतांशी दगड बनतो.