वाळवंटातल्या घरात बुरशी: माझा अनुभव

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्स शहराच्या परिसरात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. माझं माहेर चिपळूण. तिथे जुलैत कधीकधी तेवढा पाऊस एका दिवसात पडून जातो. त्यामुळे फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या आमच्या घरात भिंतीच्या आत बुरशी निघाली, हे सांगितलं की बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. इथे मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि नव्याने येणारीही आहेत, म्हणून आम्ही यातून कसे पार पडलो ते सविस्तर लिहिते आहे.

आई उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती. पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट उघडून म्हणाली, "अगं, इथे श्रावणातल्या ट्रंकेसारखा वास येतोय." मला तो वास तोपर्यंत जाणवला नव्हता, पण तिने सांगितल्यावर मात्र नाकातून जाईना. कपाटातले कपडे बाहेर काढले, तर मागच्या भिंतीवर रंगाला बारीक फुगे आले होते आणि तळाशी लाकडी पट्टी फुगली होती. बोटाने दाबल्यावर भिंत आत गेली.

पाणी आलं होतं एसीचं. इकडे बऱ्याच घरांत एसीचं मुख्य यंत्र पोटमाळ्यावर असतं. १५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला अधिकृत मॉन्सून. पाऊस थोडाच पडतो, पण हवेत दमटपणा येतो आणि एसी तो ओढून घेतो. त्याचं पाणी पीव्हीसीच्या पाइपातून भिंतीच्या आतून उतरून बाथरूमच्या बेसिनच्या निचऱ्याला मिळतं. आमच्या या पाइपाचा एक सांधा भिंतीच्या आत सुटला होता. यंत्राखाली एक ट्रे असतो. मुख्य पाइप तुंबला तर पाणी त्या ट्रेत साचतं आणि दुसऱ्या पाइपाने घराबाहेर, मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर, थेंब थेंब पडतं, म्हणजे घरातल्यांच्या लक्षात यावं. तुमच्याकडे खिडकीवरून असे थेंब पडताना दिसले तर त्याच दिवशी एसीवाल्याला बोलवा. आमचा सांधा ट्रेच्या बराच खाली होता, त्यामुळे ट्रे कोरडाच राहिला.

वाळवंटात ते पाणी आपोआप वाळलं का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. घराबाहेरची हवा कितीही कोरडी असली तरी ती भिंतीच्या पोकळीत पोचत नाही. बाहेरून गिलावा आणि त्याखाली डांबरी कागद, मध्ये इन्सुलेशन, आतून रंग दिलेला ड्रायवॉल, म्हणजे कागदात दाबलेली जिप्समची पाटी. त्या बंद पोकळीची हवा वेगळीच असते. ड्रायवॉलच्या दोन्ही बाजूंना कागद असतो आणि बुरशीला तेच खाद्य. ओल २४ ते ४८ तास टिकली की बुरशी धरायला तेवढं पुरतं.

शेजाऱ्यांनी ब्लीच मारायला सांगितलं. फरशीसारख्या न शोषणाऱ्या पृष्ठभागावर त्याने डाग जातात, पण ड्रायवॉलमध्ये त्यातलं पाणीच आत मुरतं आणि कागदातली बुरशी तशीच राहते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए नेहमीच्या सफाईसाठी ब्लीचची शिफारस करत नाही. त्यांचं साधं मार्गदर्शन असं आहे की डाग दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर बहुतेक वेळा घरच्या घरी साफ करता येतो. आमचा बाहेरून दिसत होता हातभर, पण आत किती पसरला आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली कंपनी "मोफत तपासणी" करणारी होती. त्यांच्या माणसाने डाग पाहिला, "विषारी काळी बुरशी" म्हणाला आणि सगळ्या घरात औषधाची धुरी करायचं कंत्राट त्याच दिवशी सही करून मागितलं. पाणी कुठून येतंय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. तिथेच आम्ही नाही म्हटलं. रंगावरून बुरशीची जात कळत नाही, आणि पाणी थांबवल्याशिवाय केलेली कुठलीही धुरी फुकट. ॲरिझोनात बुरशी काढणाऱ्यांना वेगळा परवाना लागत नाही. टेक्सास आणि फ्लोरिडात लागतो. म्हणून इथे माणूस पारखून घेण्याची जबाबदारी पूर्णपणे घरमालकावर येते. माझं ठाम मत आहे की तपासणारा आणि काढणारा एकच नसावा. जो काम काढून देतो त्यानेच ते केलं, तर काम किती मोठं आहे हे त्याच्या सोयीने ठरतं.

मग आम्ही फक्त तपासणी करणारा स्वतंत्र तज्ज्ञ बोलावला. त्याने पैसे घेतले, पण कामाची सगळी दिशा त्याच्यामुळे ठरली. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीवर वरून खाली उतरणारा गार पट्टा दिसला, म्हणजे पाण्याची वाटच. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया लाकडात खुपसल्यावर आकडा २८ टक्क्यांवर गेला. दहा फूट पलीकडच्या कोरड्या भिंतीत तो ९ होता. हवेचे नमुने त्याने खोलीतून घेतले, तसे अंगणातूनही घेतले, कारण घरातल्या हवेत किती बीजाणू चालतात याची सरकारी मर्यादा नाही. बाहेरच्या हवेशी तुलना करूनच अर्थ लावावा लागतो. नंतर लेखी अहवाल दिला: कुठून कुठवर कापायचं, काय ठेवायचं, काम संपल्यावर काय तपासायचं.

याच सुमारास मुलाला खोकला होता. डॉक्टरांनी आधी व्हॅली फीव्हरची रक्त तपासणी सांगितली. हा फुफ्फुसांचा आजार ज्या बुरशीने होतो ती इथल्या वाळवंटी मातीत असते, धुळीबरोबर श्वासात जाते, आणि भिंतीतल्या बुरशीशी तिचा संबंध नाही. ॲरिझोनात हा आजार बराच आढळतो, त्यामुळे लांबलेला खोकला घरातल्या बुरशीवर ढकलून गप्प बसू नका. ही तपासणी मागून घ्या. आमची निगेटिव्ह आली. खोकला पुढे बरा झाला, पण औषध आणि सफाई एकाच काळात झाल्यामुळे कशाने गेला ते मी सांगू शकत नाही.

आधी एसीवाल्याने सांधा दुरुस्त केला. मग सफाईचे लोक आले. सफाईच्या कामाची मानकं ठरवणाऱ्या आयआयसीआरसी या संस्थेच्या, बुरशी काढण्यासाठीच्या एस५२० या मानकाप्रमाणे काम करू, असं आम्ही त्यांच्याकडून लेखी घेतलं होतं. खोलीच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा आणि त्यात चेन, आतल्या एसीच्या झडपा प्लास्टिकने बंद, आणि हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं यंत्र आतली हवा सतत बाहेर खेचणारं. पडदा आतल्या बाजूला फुगलेला दिसला की समजायचं, हवा घरातून खोलीत जाते आहे, उलट नाही. मी रोज जाऊन आधी तेच बघायचे. बाहेर ४३ अंश असताना एसी बंद ठेवून घरात राहणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही जवळच्या टेंपी शहरात मित्राकडे मुक्काम हलवला.

अंगभर पांढरे सूट आणि तोंडाला मास्क लावून त्यांनी दिसणाऱ्या डागाच्या दोन फूट पुढपर्यंत ड्रायवॉल कापला. मागचा कागद पूर्ण काळा होता. तुकडे तिथेच पिशव्यांत बांधले. भिंतीच्या आतले लाकडी खांब काढले नाहीत, कारण लाकूड आतून घट्ट होतं. ते तारेच्या ब्रशने घासले, हेपा व्हॅक्यूमने ओढून घेतले, ओल्या फडक्याने पुसले. मग ओल काढणारं यंत्र लावलं. खिडक्या उघडा म्हटलं तर वाळवंटाची हवा फुकटात वाळवेल, पण त्याने आतला दाब बिघडतो आणि बीजाणू घरभर जातात, असं मुकादमाने समजावून सांगितलं. ते पटलं. लाकूड १२ टक्क्यांवर आल्यावरच त्यांनी यंत्र बंद केलं.

शेवटची तपासणी पुन्हा त्याच स्वतंत्र तज्ज्ञाने केली. त्याने खांबांच्या तळच्या आडव्या लाकडावरून पांढरं फडकं फिरवलं आणि त्यावर राखाडी धूळ आली. "पास नाही," म्हणाला. सफाईवाल्यांनी वाद न घालता सगळं पुन्हा ओढून पुसलं. दुसऱ्यांदा फडकं स्वच्छ निघालं, हवेचे नमुनेही बाहेरच्या हवेच्या बरोबरीचे आले, आणि तेव्हाच पडदा उतरला.

विमा कंपनीशी बोलणी जास्त लांबली. अचानक झालेली गळती बहुतेक पॉलिसींत बसते, हळूहळू झिरपणारी बसत नाही, आणि बुरशीसाठी बऱ्याचदा वेगळी कमाल रक्कम असते. सांधा भिंतीच्या आत होता आणि बाहेरून दिसणं शक्य नव्हतं, हे अहवाल आणि फोटो दाखवून सिद्ध केल्यावर आमच्या खर्चाचा काही भाग मिळाला. ड्रायवॉल कापताना सुटलेला सांधा आणि काळा कागद, दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

नवीन ड्रायवॉल लावून रंग झाला. आता मे महिन्यात एसीच्या निचऱ्यात व्हिनेगर ओतून पाइप मोकळा करतो, आणि कपाटात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं आहे. काटा ५० टक्क्यांच्या खाली असला की ठीक. तज्ज्ञाचा पासचा अहवाल घराच्या कागदपत्रांत लावला आहे, कारण इथे घर विकताना विक्रेत्याला भरून द्यायच्या माहितीपत्रकात बुरशीबद्दलही प्रश्न असतो.