शिआनच्या शिळावनात जाताय? आधी तडा बघा, मग दुकानं

चीनमधल्या शिआन शहरातल्या मातीच्या सैन्यावर पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळे तो दिवस सोडून देतो. हे फक्त बेइलिनसाठी, म्हणजे शिळावनाच्या संग्रहालयासाठी, आणि खरं तर त्याच्या वाटेवरच्या शुयुआनमन गल्लीसाठी. योंगनिंगमन मेट्रो स्थानकावरून चालत निघालात की ती लागतेच. कुंचले, शाई, शिक्के आणि शिलालेखांवर कागद ठोकून शाईने घेतलेले ठसे. जाताना तिथे थांबू नका. आधी संग्रहालय.

आत सरळ 672 सालच्या ‘शंगच्याओ’ शिळेपाशी जा. शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग आठवतोय ना, पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला? त्याने भाषांतरित केलेल्या ग्रंथांना तांग सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना या शिळेवर आहे. अक्षर मात्र थोर सुलेखनकार वांग शीझीचं, जो त्याच्या तीनशे वर्षं आधीच वारला होता! हुआयरेन नावाच्या भिक्षूने त्याच्या हस्तलिखितांतून एकेक अक्षर हुडकून मजकूर जुळवला. वांगच्या हातचा एकही अस्सल कागद आज उरलेला नाही. त्याचं अक्षर पिढ्यान्‌पिढ्या गिरवलं गेलं ते नकलांवरून आणि अशा ठशांवरून.

शिळेला गेलेला तडा नीट पाहून ठेवा. बिनतड्याचा ठसा म्हणजे शिळा भंगण्याआधीचा, म्हणून अतिशय मोलाचा. गल्लीतल्या एका दुकानदाराने नेमका तसाच, काळाकुळकुळीत, माझ्यापुढे उलगडला. ‘सुंग काळातला, अस्सल,’ म्हणजे सातशे-हजार वर्षांपूर्वीचा, असं त्याच्या मोबाइलने इंग्रजीत सांगितलं. किंमत? हॉटेलच्या दोन रात्रींचं भाडं. सुंग काळातला ठसा, दोन रात्रींत! कागद उलटा करून बोट फिरवलं तर पाठ सपाट. निव्वळ छपाई. मी दाराकडे वळलो तसा भाव निम्म्यावर आला, मग पावावर. घेतला नाही, पण संध्याकाळ नासायची ती नासलीच.

पाठ का बघायची? ओला कागद शिळेवर चिकटवून ब्रशने ठोकतात, तेव्हा तो खाचांत बसतो. किंचित सुकला की वरून शाईची पुरचुंडी थोपटतात. खाच कोरी राहते, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं. मागे दुसरा कागद न डकवलेल्या खऱ्या ठशाच्या पाठीवर अक्षरं बोटाला लागतात. पण तेवढ्यावर भाळू नका. अक्षरं नव्या फळीवर कोरून तिच्यावरून घेतलेल्या ठशाचीही पाठ उठावदार असते. नकलेची ही परंपरा राजमान्य आहे: 992 साली सुंग सम्राटाच्या हुकमाने ‘चुनह्वा’ हा जुन्या सुलेखनाचा कित्ता लाकडी फळ्यांवर कोरला गेला, पुढे लोकांनी त्याच्या ठशांवरून पुन्हा दगडावर कोरला, आणि दर खेपेला अक्षर थोडं बोथटलं.

नामांकित शिळा काचेमागे आहेत, दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येते. तिरके उभे राहा. 837 सालच्या ‘कायचंग’ ग्रंथशिळा, म्हणजे कन्फ्यूशियन ग्रंथ कोरलेल्या शिळा, 114 आहेत, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या. सगळ्या बघायच्या हट्टाने पाय मोडतील. त्यापेक्षा तांग काळातला सुलेखनकार यान चेनचिंग याने लिहिलेली यान चिनलीची शिळा बघा. ती 1922 मध्ये जमिनीतून निघाली, त्यामुळे रेघांची धार अजून शाबूत आहे. मी तिथेच सर्वांत जास्त रेंगाळलो.

गिरवायलाच हवं असेल तर छापील कित्ता घ्या. स्वस्त पडतो, आणि ठशाच्या उभ्या ओळी कापून पानांवर मांडलेल्या असल्यामुळे टेबलावर मावतो. भिंतीसाठी ठसा हवा असेल तर ‘नवा, नकली फळीवरचा’ असं दुकानदाराकडून वदवून घ्या आणि मगच भाव करा.