सांगलीच्या पोरांना 1930 चा ‘टीचर्स पेट’ दाखवायचा तर

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयात पोरांना जुना विनोदी सिनेमा दाखवायचा बेत सांगलीत कुणी ना कुणी करतंच. गाडी सहसा चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डीवर थांबते. त्याऐवजी अमेरिकन निर्माते हॅल रोच यांच्या ‘अवर गँग’ या, पोरांच्या टोळीवरच्या विनोदी लघुपटांच्या मालिकेतला ‘टीचर्स पेट’ लावून बघा. दिग्दर्शक रॉबर्ट मॅक्गोवन, प्रदर्शन 11 ऑक्टोबर 1930, लांबी दोन रिळं, म्हणजे 20 मिनिटांहून थोडी जास्त. आपला ‘आलम आरा’ यायला तेव्हा अजून पाच महिने होते.

गोष्ट दोन ओळींची. वर्गाच्या लाडक्या बाई लग्न करून गेल्यात, नव्या क्रॅबट्री बाई येणार आहेत. शाळेच्या वाटेवर वर्गातल्या जॅकीला एक अनोळखी तरुण बाई मोटारीत घेते आणि हा पठ्ठ्या नव्या बाईंना छळायचा सगळा बेत तिलाच सांगून मोकळा होतो. पुढचं आपल्या पोरांना सांगावं लागत नाही, ती आधीच ओळखतात आणि वाट बघत बसतात.

या वाट बघण्यावरच सगळा लघुपट उभा आहे. दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा फार आहे, ती नव्या माणसाला संथ वाटते आणि दाखवणारा हमखास तिथेच बिघडवतो. त्या जागेचं कारण समजून घ्या. मूकपटाच्या काळात मॅक्गोवन कॅमेऱ्यामागून कर्णा घेऊन पोरांना चालू शॉटमध्ये सूचना द्यायचे: इकडे बघ, आता रड, आता पळ. 1929 मध्ये मालिका बोलू लागली आणि कर्णा बंद झाला, कारण माइक सगळंच पकडणार. ज्या पोरांना वाचता येत नाही त्यांना संवाद पाठ करायला कागद देऊन उपयोग नाही. मग प्रसंग शॉटच्या तोंडावर समजावून सांगायचा, एकदोन वाक्यं तोंडात बसवायची, आणि छोट्या तुकड्यांत चित्रण करायचं. बालनाट्य बसवणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. फक्त इथे विंगेतून प्रॉम्प्ट करायचीही सोय नव्हती. म्हणून पोरगं वाक्य बोलतं, थांबतं, समोरच्याकडे बघतं. हशा त्या बघण्यावर येतो. जॅकीचं काम करणारा जॅकी कूपर यात भारी आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘स्किपी’साठी नऊ वर्षांच्या या पोराला ऑस्करचं नामांकन मिळालं.

आता प्रत. आधी लांबी तपासा. ही मालिका 1955 पासून अमेरिकेत ‘द लिटिल रास्कल्स’ नावाने टीव्हीवर गेली आणि 1970 च्या दशकात बऱ्याच भागांना कात्री लागली, मुख्यतः काळ्या मुलांवरच्या हिणकस विनोदांमुळे. गोरी आणि काळी मुलं एकाच वर्गात बसलेली दाखवणारी ही मालिका त्या काळात वेगळी होती, पण तसले विनोद तिच्यात होते हेही खरं. म्हणून कोणताही भाग लावण्याआधी मोठ्या माणसाने पूर्ण बघावा. प्रत 17-18 मिनिटांची निघाली तर काहीतरी कापलंय असं धरा.

19 मिनिटं 40 सेकंदांच्या आसपास भरली, तर बहुधा कापलेलं काही नाही, वेग वाढलाय. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी 25 च्या. वेळ चार टक्क्यांनी घटते आणि आवाज हार्मोनियमच्या एका पट्टीपेक्षा थोडा कमी, पण कानाला कळण्याइतका चढतो. मोठ्यांच्या आवाजाला ते चालून जातं. पोरांचे आवाज आधीच बारीक, ते किरकिरे होतात आणि शब्द कळेनासे होतात. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग 0.96 करा आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं ‘टाइम-स्ट्रेचिंग’ बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो पण स्वर चढलेलाच राहतो.

16 मिलिमीटरची फिल्म हाती लागली तर 24 च्या वेगाला मिनिटाला 36 फूट जाते. पूर्ण लघुपट 720-740 फुटांचा, 800 फुटी रिळावर बसतो. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यात बसत नाहीत आणि फाटत जातात.

चित्र जवळपास चौकोनी आहे. प्रोजेक्टर 16:9 वर ठेवला की पोरं बुटकी-जाडी दिसतात, आणि ‘झूम’ने पडदा भरला तर उंच माणसाचं डोकं किंवा सर्वात लहान पोर बाहेर जातं. 4:3 ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू देत. आठ फूट रुंदीच्या पडद्याला खिडक्या नीट झाकलेल्या हॉलमध्ये 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. अंगणात मात्र मे महिन्यात साडेसातच्या आधी सुरू करू नका, काहीही दिसत नाही.

आवाजावर जास्त वेळ घालवा. त्या काळच्या ध्वनीत खोल सूर नाहीत आणि फार वरचेही नाहीत. इक्वलायझरवर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या बटणांवर, 100 हर्ट्झच्या खाली सगळं कापा, तिथे फक्त घरघर आहे. 2 ते 3 किलोहर्ट्झ थोडं उचला, शब्द सुटे होतात. ट्रेबल वाढवायचा मोह होतो, त्याने खरखरच वाढते. स्पीकर एकच पुरे, पडद्याखाली मधोमध, बसलेल्या पोरांच्या कानाच्या उंचीला. दोन लावले आणि मधल्या रांगेत आवाज पोकळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्यात. शहाबादी फरशीचा रिकामा हॉल घुमतो, म्हणून जाड जाजम अंथरा. पोरं बसली की घुमणं आणखी कमी होतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर विसंबू नका.

भाषेचं काय? सात-आठ वर्षांच्या पोरांना सबटायटल वाचून होत नाहीत, आणि वाचण्यात चेहरा हुकतो. पूर्ण मराठी डबिंग तर करूच नका, मोकळ्या जागा सगळ्या भरून जातात. सुरुवातीला दोन मिनिटं माणसं आणि प्रसंग सांगा, मग एकाने पडद्याशेजारी बसून फक्त 12-15 वाक्यं मराठीत बोलायची: जॅकीचा मोटारीतला बेत, खोट्या चिठ्ठ्या देऊन वर्गातून सटकणं, बाईंची उत्तरं. ती वाक्यं वेळेसकट कागदावर लिहून काढा आणि एकदा तालीम करा. मूळ वाक्य संपल्यावरच बोलायचं. हशा चालू असेल तर आपलं वाक्य सोडून द्यायचं, व्हिडिओ थांबवायचा नाही.

त्या वर्षीच्या काही भागांच्या सुरुवातीला नामावलीची पाटी न दाखवता दोन जुळ्या मुली एका सुरात निवेदन करतात. विष्णुदास भाव्यांच्या गावात हे सूत्रधाराचं काम करायला दोन पोरी सहज मिळतील. शाळेतल्याच दोघींकडून मराठीत करून घ्या, माइक न देता.

शेवट केक आणि आइस्क्रीमवर आहे, तेव्हा पोरं मागणारच. आइस्क्रीमचे कप खेळ संपल्यावर वाटा. आधी दिले तर झाकणांच्या आणि चमच्यांच्या आवाजात शेवटची पाच मिनिटं ऐकूच येत नाहीत.