आमची वाटचाल : बाइंडिंगच्या टेबलावरून

1994 साली सांगलीच्या गावभागात एका जुन्या ट्रेडल छपाईयंत्रावर प्रेस सुरू केला. खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसेस, ती जुळवायची स्टिक, गॅल्या, सगळं सेकंडहँड. पुढे मिनी ऑफसेट मशीन आली. 2017 च्या जुलैत जीएसटी लागला, तेव्हा पंधरा अंकी नंबराच्या बिलबुकांसाठी रात्रपाळ्या केल्या. चांगल्या वर्षांचं एवढंच.

सांगायचंय ते ऑगस्ट 2019 चं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी चढलं 57 च्या वर. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. कागदाची रिमं तिच्यावर हातभर उंच फळीवर रचलेली. तीही बुडाली. भिजलेलं रिम फुगून त्याची वीट होते, एक ताव सुटा होत नाही. रोलरवर बोटभर गाळ. त्यातच आमच्याच धंद्यातल्या एकाने जादा पगार कबूल करून माझा मशीनमन नेला आणि पाठोपाठ सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांचं कामही. सप्टेंबरच्या सभांवर आमचा निम्मा धंदा चालतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पाणी उतरायची तरी वाट बघायची!

मी शटर ओढून बसलो होतो. आल्या त्या बाइंडिंगच्या मावशी. हुद्दा काही नाही. घडी, पिनिंग, नंबर तपासणं. त्यांच्याही घरात पाणी होतं. तरी निवारा शिबिरात जाऊन आमच्या पोरांना शोधून, खराटे घेऊन सगळ्यांना बरोबर आणलं. मी बोलावलं असतं तर आली असती का? एका पोराने मागे नंबरिंग उलटं मारून अख्खं काम वाया घालवलं होतं, तेव्हा मी शिव्या दिल्या होत्या. मावशी त्याच्याजवळ बसल्या, आधी अर्धी भाकरी दिली, मग गेज कसा लावायचा ते दाखवलं. त्या दिवशी रॉकेलच्या चिंध्यांनी रोलर पुसायला पहिला तोच बसला.

मार्केट यार्डातले आमचे हळदीचे जुने अडते चिखल तुडवत आले आणि वर्षभराच्या पट्टी पुस्तकांचे (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचे) पैसे आगाऊ ठेवून गेले. त्यांनी आधी मावशींना विचारलं, "पोरं जेवली का?"

नव्याने प्रेस टाकणाऱ्यांना सांगतो, कागद खुणेच्या दुप्पट उंचीवर ठेवा. आणि पगारवाढ करताना बाइंडिंगचं टेबल शेवटी धरू नका. मी वीस वर्षं धरत होतो.

दीड वर्षाने तो मशीनमन दारात येऊन उभा राहिला. मी नाहीच म्हणणार होतो. मावशी म्हणाल्या, "मालक, त्याच्या पोरीची फी थकलीय. घ्या त्याला." घेतला. मी त्याच्याशी आजही कामापुरतंच बोलतो. डबा आणला का, हे त्याला रोज मावशी विचारतात.